आमचे ‘देशमुख’

लोक परदेशी जाऊन येतात आणि परदेशाचं प्रवासवर्णन लिहितात. माझं सगळं उलटं. मी गेली दहा वर्षं इंग्लंडच्या मधोमध, कारखान्यांच्या एका धुरकट गावात नर्स आहे, आणि प्रवासवर्णन लिहायला बसलेय ते नाशिकचं! नाशिकला काय आम्ही गेलो नाही, असं तुम्ही म्हणाल. गेला असाल. गंगेवर जाऊन आला असाल, त्र्यंबक केलं असेल, येताना द्राक्षांची पेटी आणली असेल. पण सहा फूट दोन इंच उंचीचा जमैकन गडी बरोबर घेऊन, ‘हा माझा होणारा नवरा’ असं सांगत तुम्ही नाशिकला गेला नाहीत. त्या नाशिकला आजवर मी एकटीच जाऊन आलेय, आणि हात वर करून सांगते, ते बघण्यासारखं आहे.

त्या गड्याचं नाव डेस्मंड. आमच्याच हॉस्पिटलात, माझ्याच वॉर्डात तोही नर्स. तीन वर्षं आम्ही एकाच पलंगाच्या दोन बाजूंना उभं राहून चादरी बदलत होतो. चादरीचे कोपरे मुडपता मुडपता ठरलं म्हणा ना. त्याच्या आईनं आधी नाक मुरडलं. ‘कुली मुलगी कशाला?’ असं म्हणाली होती म्हणे. जमैकात ऊस तोडायला नेलेल्या आपल्या लोकांना तिकडे कुली म्हणतात. मी तिला कांदाभजी करून घातली. पाचव्या भज्याला ती विरघळली, सहाव्याला मला ‘डार्लिंग’ म्हणाली. राहिली माझी आई. तिच्या तोंडून हो आल्याशिवाय मी रजिस्टर ऑफिसची पायरी चढणार नाही, असं मी डेस्मंडला निक्षून सांगितलं होतं. दोन आठवड्यांची रजा होती आणि परतीची तिकिटं खिशात होती.

नाशिकरोड

जाण्याआधी मी घरी पत्र टाकलं होतं. ‘माझ्याबरोबर काम करणारे डेस्मंड यांच्याशी लग्न करायचं मनात आहे, घेऊन येते, तुम्ही बघा.’ बस, एवढंच. माणूस कुठला, कसा, एक अक्षर नाही. भित्रेपणा, दुसरं काय! समोर उभा केला की आपोआप कळेल, असा माझा शहाणा हिशेब. पण नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, एका डोळ्यात मोतीबिंदू आणि माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. नाना जन्मभर शाळामास्तर. अर्धं अक्षर दिसलं की उरलेलं स्वतः पुरं करायची सवय. त्यांनी ‘डेस्मंड’चं ‘देशमुख’ वाचलं.

झालं! आमच्या बौद्ध कॉलनीत बातमी पसरली. कुसुमनं विलायतेत देशमुख पटकावला.

नाशिकरोड स्टेशनावर आई, नाना आणि निम्मी कॉलनी. नानांच्या हातात झेंडूचा हार. गाडीतून आधी मी उतरले, मग दोन बॅगा उतरल्या, मग दारात वाकून डेस्मंड उतरला आणि फलाटावर ताठ उभा राहिला. नाना त्याच्या कोपराखालून डब्यात डोकावून बघायला लागले.

“देशमुख मागं राहिले का?” त्यांनी मला विचारलं.

“कोण देशमुख?” मी म्हटलं.

चहावाल्याचीसुद्धा आरोळी अर्ध्यात थांबली. डेस्मंडला बिचाऱ्याला वाटलं, हीच वेळ. मुंबईपासून घोकत आणलेलं त्यानं दोन्ही हात जोडून, वॉर्डात हाक मारायच्या आवाजात म्हटलं, “जयभीम!”

अर्ध्या फलाटानं सवयीनं ‘जयभीम’ म्हणून उत्तर दिलं. नानांनी एकदा हाराकडे पाहिलं, एकदा वर पाहिलं. डेस्मंड गुडघ्यात वाकला. नानांनी टाचा उंचावून हार घातला आणि खिशातून रुमाल काढून उगाचच चष्मा पुसला. आई मात्र स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

घरी आल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

“देशमुख होता तोवर मी रडतच होते,” ती म्हणाली. “त्यांच्या घरात तुला पाणी तरी धड देतील का, म्हणून. आता कशासाठी रडायचं तेच मला कळेना.”

“मग रडू नको.”

“काळा आहे गं.”

“आई, आपण काय गोरेपान आहोत?”

“म्हणूनच,” आई म्हणाली आणि पीठ मळायला बसली.

त्या ‘म्हणूनच’पुढे माझी इंग्लंडातली दहा वर्षं लुळी पडली. मला ही बाई पत्रातून कळवायची, ‘उन्हात फिरू नको, काळी पडशील.’ इंग्लंडात! जिथं ऊन दिसलं की लोक कामधंदा टाकून त्यात जाऊन आडवे होतात!

पीठ मळून झाल्यावर तिनं निकाल दिला. “मला विचारू नको. दादा हो म्हणाला तर माझी ना नाही.”

दादा म्हणजे माझा मोठा मामा. सटाण्याजवळच्या खेड्यात दोन एकर कांदा लावणारा. आईबाप लवकर गेल्यावर आईला त्यानंच वाढवलं आणि पुढे मला नर्सिंगला घालायचं ठरलं, तेव्हा ‘पोर शिकेल’ हा शब्द त्याचा. त्याच्या शब्दापुढे आमच्या घरात कुणी जात नाही.

नाना खोकले. “एक अडचण आहे,” ते म्हणाले. “दादांनी गावभर सांगून ठेवलंय. देशमुख येतायत म्हणून.”

तर्री

पुढचे चार दिवस आई डेस्मंडशी एक शब्द बोलली नाही. वाढायची मात्र ताट भरून. “त्यांना विचार, अजून भाकरी हवी का,” असं मला सांगायची आणि त्यानं मान हलवायच्या आत टाकूनही मोकळी व्हायची. नाव कसं घ्यायचं हा प्रश्न तिनं ‘ते’ म्हणून सोडवला होता.

कॉलनीत दुसराच गोंधळ. शेजारच्या शेवंताबाईंनी विचारलं, “हे काय करतात?” मी म्हटलं, नर्स. “नर्स? गडीमाणूस?” मग मी समजावलं, आपल्याकडे सरकारी दवाखान्यात नाही का, बाई असली की सिस्टर म्हणतात आणि पुरुष असला की ब्रदर, तसं.

शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. “म्हणजे तू सिस्टर आणि हे ब्रदर?”

“हो.”

“आणि लग्न करताय?”

मी हसून हसून ओट्यावर बसले. त्या मात्र गंभीर. त्यांनी हे कॉलनीभर केलं आणि संध्याकाळी दोन वयस्क गृहस्थ नानांना खासगीत भेटून गेले.

वेस्ट इंडीजचा माणूस म्हटल्यावर तो फास्ट बोलर असणारच, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. रविवारी त्याला मैदानात उभं केलं. डेस्मंडनं आयुष्यात चेंडू धरलेला नाही. तो लांबून धावत आला, फलंदाज भीतीनं स्टंप सोडून बाजूला झाला, आणि चेंडू गेला पाठीमागे, समाजमंदिराच्या पत्र्यावर. “विलायतेत गवतावर खेळतात ना, इथं माती आहे,” असं म्हणून कॉलनीनं त्याला सांभाळून घेतलं. आपल्याच माणसाचं आपण सांभाळून घेतो तसं, हे मला घरी आल्यावर जाणवलं.

मग आम्ही गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो. इथं थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या इंग्लंडातल्या गावात एक सज्जन बाई दर गुरुवारी बाहेरून आलेल्या बायकांचा वर्ग घेतात. त्या देशात मिसळून कसं जायचं ते शिकवतात. लसूण कमी घाला, रांगेत उभ्या राहा, दुसऱ्यानं तुमच्या पायावर पाय दिला तरी ‘सॉरी’ तुम्ही म्हणा. आपल्या पाककृतीत असतं ना, ‘मिश्रण एकजीव होईपर्यंत ढवळावे’, तसं ढवळणं. ढवळायचं कुणी आणि ढवळून घ्यायचं कुणी, हे मात्र आधीच ठरलेलं. माझं ‘कुसुम’ त्यांना जड जातं म्हणून आमच्या मेट्रननं पहिल्याच दिवशी माझं ‘सुझन’ केलं. मीही दहा वर्षं सुझनला ओ देत आले. वर्गातल्या बायकांना नवऱ्यानं चूल सोडून बाहेर जाऊ दिलं तर त्या मिसळणार, हे त्या बाईंच्या कधी ध्यानात आलं नाही, आणि पुरुषांना मिसळायला शिकवावं असंही कुणाला वाटलं नाही.

तर मिसळ. नाशिकची मिसळ खाताना पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी काढणं ही आमच्याकडे करमणूक आहे. हॉटेलातली सगळी टेबलं हातातला पाव थांबवून बघत होती. डेस्मंडनं एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग रश्श्याची वाटी उचलून, मी शिकवला होता तो दुसरा मराठी शब्द उच्चारला. “तर्री!”

मालक गल्ला सोडून बघायला आला. जमैकात एक छोट्या भोपळी मिरचीसारखी दिसणारी पण जिवावर उठणारी मिरची असते, त्यावर हे पोसलेलं बाळ. तिसऱ्या तर्रीला मालकानं त्याचा हात हातात घेतला आणि मला म्हणाला, “ताई, हे आपल्यातलेच दिसतात.” मला तो गुरुवारचा वर्ग आठवला आणि मी परत हसत सुटले. मिसळीत मटकी मटकी असते, शेव शेव असते, कांदा कांदा असतो, आणि त्यांना एकजीव करायला गेलं तर गिऱ्हाईक पैसे देत नाही.

नाना तोवर पार विरघळले होते. एके सकाळी ते आम्हाला पांडवलेण्यांवर घेऊन गेले. पायऱ्या चढताना डेस्मंडनं त्यांना जवळजवळ उचललंच. वर एका लेण्यात बुद्धमूर्तीसमोर हात जोडून झाल्यावर नाना बराच वेळ मूर्तीच्या डोक्याकडे बघत राहिले. मग डेस्मंडच्या डोक्याकडे.

“आपल्या घरच्या मूर्तीचे केस बघ,” ते हळूच म्हणाले. “असेच बारीक कुरळे आहेत.”

हे त्यांनी घरी जाऊन आईला सांगितलं. आईनं कोनाड्यातल्या मूर्तीवरची धूळ पुसली आणि म्हणाली, “सटाण्याची एस.टी. सातला आहे.”

शे

नानांना गचक्यांचा त्रास होतो म्हणून ते घरीच राहिले. निघालो आई, मी आणि डेस्मंड. आई पुढे बायकांच्या बाकावर, स्वतःशीच काहीतरी पुटपुटत; मी आणि डेस्मंड मागे एका बाकावर, आमच्याशेजारी तिसऱ्या माणसाची जागा मोकळी. एस.टी. खच्चून भरलेली, माणसं दांड्याला लोंबकळतायत, पण त्या जागेवर कुणी बसेना.

मी ओशाळले, पण आश्चर्य वाटलं नाही. इंग्लंडात बसमध्ये आमच्याशेजारची जागा अशीच रिकामी असते. आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी तिथल्या बसमध्ये एका जमैकन बाईशेजारी जागा होती आणि मी उभी राहिले होते. मी! माझ्या आजोबांच्या सावलीला लोक बाजूला होत, त्यांची नात! माणसाला पायदळी तुडवलं की ते आधी खाली बघतं, आपल्याखाली कुणी आहे का. हे मी डेस्मंडला कधीच सांगून टाकलंय. तो म्हणाला होता, “ती माझी आईच असणार. तिच्याशेजारी आम्हीही बसत नाही, फार बोलते.”

पिंपळगावला एक बाई चढली, डोक्यावर पाटी, पाटीत वांगी. तिनं आधी त्याला नीट बघितलं, मग धप्पकन शेजारी बसली. “लांबचं दिसतंय पाव्हणं. कोन गाव?” मी सांगितलं. “भाकर खात्यात का?” खातात म्हटलं. तिनं फडकं सोडलं, भाकरीवर ठेचा ठेवून त्याच्या हातात दिला. देवळ्याला उतरताना खिडकीबाहेर दुसऱ्या बाईला सांगत होती, “लय काळा हाय गं, पर लय गोड हाय!” मी जसंच्या तसं भाषांतर करून सांगितलं. डेस्मंड म्हणाला, आपल्या गावच्या बसमध्ये यातलं पहिलं अर्धंच मिळतं.

देवळ्यापुढे भाषा बदलायला लागली. तिकडे अहिराणी. ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. मी हे सांगायला विसरले आणि तिथंच घोटाळा झाला. मामाच्या गावात पाय ठेवल्यापासून डेस्मंडकडे बोट दाखवून जो तो म्हणायला लागला, “हाऊ कोन शे?” “केवढा उंच शे!” “कोठला शे?”

डेस्मंडनं मला बाजूला घेतलं. चेहरा अगदी पडलेला. “कुसुम, हे सगळे मला ‘शी’ का म्हणतायत? मी नर्स आहे हे इथंही कळलं का?”

इंग्रजीत ‘शी’ म्हणजे ‘ती’! सहा फूट दोन इंचाचा माणूस, आणि सगळं गाव त्याला बाई ठरवतंय! मी रस्त्याच्या कडेला कांद्याच्या गोणीवर बसून पोट धरून हसले. मग त्याला समजावलं. शे म्हणजे आहे. मी शे म्हणजे मी आहे. तो एवढा खूश झाला की मामाच्या दारापर्यंत ‘मी शे, मी शे’ म्हणत आला.

मामा दारात उभा होता. धुवट धोतर, नवी टोपी. देशमुखांसाठी घातलेली.

“उनात का? या, या,” तो म्हणाला. उनात म्हणजे आलात. मग माझ्या मागे बघितलं, गल्लीच्या टोकापर्यंत बघितलं. “देशमुख कोठे शे?”

आईनं सांगितलं. मान खाली घालून, चार वाक्यांत, पत्रापासून सगळं. मामानं टोपी काढली, झटकली, परत घातली.

“काम काय करस?” त्यानं मला विचारलं.

“नर्स आहेत, मामा. माझ्यासारखेच.”

“ते तं बायासनं काम शे.” एवढंच बोलून तो आत गेला.

मामी मात्र मजेत. तिनं चुलीवर खापर पालथं घातलं होतं आणि पुरणाचे मांडे करत होती. तो मांडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत रुमालाएवढा मोठा करायचा आणि अलगद खापरावर टाकायचा. डेस्मंडला ते बघून राहवेना. चादर पसरणारा माणूस! त्यानं हात धुतले, मामीनं भीत भीत गोळा दिला. दोन फेऱ्या झकास झाल्या, तिसऱ्याला मांडा कोपरापर्यंत चढला आणि पुरण थेट टोपीवर. टोपी मामाची, खुंटीवरची, नवी. मामी हसत होती, मी हसत होते, शेजारच्या बायका भिंतीवरून हसत होत्या, आणि आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं, पण तिचे खांदे हलत होते!

कोनाडा

जेवणं झाली. मामीनं चहा केला. डेस्मंडनं चहा संपवला, उठला, मोरीत जाऊन आपला कप विसळला आणि पालथा घालून ठेवला.

ही त्याची सवय. कुठंही गेला तरी चहा प्याला की स्वतःचा कप धुणार. आमच्या तिकडच्या मराठी बायकांत मी या सवयीची किती मिरवणूक काढली होती! बघा, पुरुष असून कप धुतो, शिका म्हणावं तुमच्या नवऱ्यांना! इथंही मी मामीकडे बघून भुवया उडवल्या.

“सोड तो कप!” मामा ओरडला.

मी मामाला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

“मना घरमा पाव्हना कप धोस?” तो मला म्हणाला. “त्याले काय सांगं तू? आम्ही कोन शेत ते सांगं का?”

आणि मला एकदम आठवलं. लहानपणी मी सुट्टीत इथं यायची तेव्हा एकदा मामाबरोबर गावच्या देशमुखांकडे गेले होते. आबासाहेब म्हणतात त्यांना. त्यांच्या ओसरीबाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेला एक कप. मामा त्यांच्याकडे कामाला गेला की त्या कपात वरून चहा ओतत. पिऊन झाला की मामानं तो स्वतः धुवायचा आणि पालथा घालून परत कोनाड्यात ठेवायचा. अगदी तसाच पालथा.

मी डेस्मंडला इंग्रजीत सगळं सांगितलं. वाटलं, तो ओशाळेल, माफी मागेल. तो मोरीतल्या कपाकडे बघतच बोलायला लागला, आणि मी वाक्यावाक्याला थांबून मामाला मराठीत सांगत गेले.

तो इंग्लंडात पहिल्यांदा आला तेव्हा एका बाईंच्या घरी खोली घेऊन राहिला. बाई मायाळू होत्या. नाताळात केक द्यायच्या. पण त्याचा कप वेगळा, वेगळ्या खिळ्याला टांगलेला, आणि त्याच्या कानाला लाल लोकरीचा धागा बांधलेला. चुकून कुणी दुसऱ्यानं घेऊ नये म्हणून. तो कप त्यानं स्वतः धुवायचा. पाच वर्षं तो तिथं राहिला. तेव्हापासून चहा प्याला की हात आपोआप कप धुवायला जातो, कुणी सांगावं लागत नाही.

हे त्यानं मला तीन वर्षांत सांगितलं नव्हतं. आणि मी त्या सवयीची मिरवणूक काढत होते. मला इतकी लाज वाटली की शेवटचं वाक्य मी मामाकडे न बघताच सांगितलं.

मामानं डेस्मंडला नाही, मलाही नाही, जमिनीला विचारल्यासारखं विचारलं, “तठे बी कोनाडा शे?”

“शे, मामा,” मी म्हटलं. माझ्याही तोंडून शे निघालं.

मामा उठला. मोरीतला तो कप उचलला, स्वतःच्या धोतरानं पुसला आणि मामीला म्हणाला, “याले अजून चहा दे.”

आणि नेमके तेव्हाच दारात आबासाहेब! जातीचे खरे देशमुख, ऐंशीच्या घरातले, हातात काठी. मामाच्या घराची पायरी ते जन्मात चढले नव्हते. पण आज मामाकडे देशमुख पाहुणा आलाय, विलायतेचा, म्हटल्यावर सोयरिकीचा काही धागा लागतो का बघायला स्वतः आले. खाटेवर बसले. मामीनं चहा पुढे केला. त्यांनी घेतला! मामाच्या घरचा चहा, मामाच्या घरच्या कपात. भिंतीवरच्या बायकांनी श्वास रोखले.

बिचाऱ्यांना धड दिसत नव्हतं. समोर बसलेल्या उंच आकृतीकडे बघून, पहिला घोट घेता घेता त्यांनी अदबीनं विचारलं, “कोणते देशमुख म्हणायचे आपण? खानदेशातले की वऱ्हाडातले?”

आईनं माझा हात घट्ट धरला. मामानं नुसतं ‘लांबचे’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. गावात त्याचं नाव राहिलं असतं आणि आम्ही दुसऱ्या दिवशी निघून गेलो असतो. मामानं डोक्यावरची टोपी नीट केली, पुरणाच्या डागासकट.

“हाऊ कोनताच देशमुख नही शे, आबासाहेब,” तो म्हणाला. “हाऊ मना जवाई शे.”

आबासाहेबांचा घोट तोंडात होता. आता गिळण्यावाचून इलाज नव्हता. त्यांनी गिळला. शांततेत तो गिळल्याचा आवाजसुद्धा आला.

डेस्मंडला त्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द कळला होता. तो खाटेवरून उठला, हात जोडले आणि अभिमानानं म्हणाला, “मी शे!”

आधी मामी फुटली, मग भिंतीवरच्या बायका, मग मामा स्वतः, टोपी काढून, डोळे पुसत. आबासाहेबही हसले, कशाला ते त्यांचं त्यांना ठाऊक. चहा मात्र त्यांनी संपवला. संपलेला कप कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. तो हातात घेऊन ते अर्धवट उठले तशी मामा पुढे झाला.

“बसा, आबासाहेब,” तो म्हणाला आणि कप त्यांच्या हातातून काढून घेतला. “मना घरमा पाव्हना कप धोत नही.”

मी आईकडे बघितलं. दादा हो म्हणाला होता, साऱ्या गावासमोर. आता तिची पाळी. तिनं माझा हात सोडला, डोळ्यांना पदर लावला आणि चुलीजवळ गेली. तिथं परातीत एक मांडा उरला होता, डेस्मंडनं बिघडवलेला, एका बाजूला फाटलेला. तो तिनं निखाऱ्यावर गरम केला, ताटलीत घेतला, वर तूप सोडलं, आणि ताटली माझ्याकडे न देता सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचे ओठ दोनदा नुसतेच हलले. एस.टी.त बसल्यापासून ती मनातल्या मनात काय घोकत होती, ते मला तेव्हा कळलं.

“डेस्मंड,” आई म्हणाली. ड वर जोर, स पोटफोड्या, पण प्रत्येक अक्षर जागच्या जागी. “घे बाळ. गरम आहे तोवर खा.”